केशरचा गाल

काळी नदीच्या रानात, कुंभारवाड्याच्याही आत, जिथं एसटीवाला गाडी वळवतो नि कंडक्टर पुढं चालत जायला सांगतो, तिथून तासभराच्या वाटेवर एक वाडी आहे. त्या वाडीत केशर राहते. चाळिशीची, उंच, कामाला वाघीण आणि बोलायला गरीब. तिचा डावा गाल लहानपणीच गेला. खरोखरच गेला. भावाच्या मागून करवंदं काढायला रानात गेली होती, जाळीत अस्वल होतं, त्यानं एक पंजा मारला. भाऊ झिलू तिच्याहून थोडाच मोठा. त्यानं ओरडून, कोयता आपटून अस्वल हाकललं आणि तिला खांद्यावर टाकून घरी आणलं. जखम भरली, पण गालातलं मांस काही परत आलं नाही. तिथं खळगा राहिला.

त्या दिवसाची भीती तिला कधीच आठवली नाही, याचं तिलाच नवल वाटायचं. आठवायची ती काळी मऊ लव, पिकल्या करवंदांचा वास आणि झिलूच्या खांद्यावरून उलटं दिसणारं रान. दुपारी जरा डोळा लागला की ती त्याच खांद्यावर असायची. झाडं वर लोंबत असायची, आभाळ पायाखाली असायचं, झिलू चालतच असायचा आणि घर काही यायचं नाही. जाग आली की हात आधी गालावर जायचा.

असल्या पोरीला मागणी कोण घालणार? लग्न झालं नाही. दुसऱ्यांच्या लग्नात बायका तिला चुलीपाशी ठेवायच्या, मांडवात बोलवायच्या नाहीत. झिलूला ते सोसायचं नाही. तो गावदेवी सातेरीला नवस बोलला, की बहिणीचा गाल भरेल तेव्हाच मी तोंडात मासा घालीन. काळी नदीच्या पाण्यावर वाढलेला माणूस, कालवणाच्या वासावर एक भाकरी जास्त खाणारा, त्यानं मासे सोडले. पुढं बायको आली, फुला. तिनं डोकं आपटलं, पण हा बाबा ऐकेल तर शपथ.

केशर मडगावला एका डॉक्टरीणबाईंच्या घरी स्वयंपाकाला राहिली. बाई कातडीच्या डॉक्टर. मोठ्या घरच्या बायका त्यांच्याकडं येऊन गाल आणि ओठ भरून घ्यायच्या. त्यांच्या गालांना काय कमी होतं, ते सातेरीच जाणे. एका रविवारी बाईंनी केशरलाच खुर्चीत बसवलं. "इतकी वर्षं तुझ्या हातचं जेवतेय, आता बस गप्प," म्हणाल्या. बारीक सुईनं गालात पाण्यासारखं दिसणारं घट्ट औषध सोडलं, बोटांनी दाबून सारखं केलं आणि आरसा पुढं धरला. केशर नुसती बघत राहिली. आरशातली बाई कुणा सुखी घरातली वाटत होती.

"हे कायमचं नाही हं," बाईंनी बजावलं. "हळूहळू विरघळेल. मग परत भरू."

ती गावी आली ती नेमकी जत्रेच्या दिवशी. झिलू देवळाच्या पायरीवर बसला होता. त्यानं वर बघितलं, तिचा गाल बघितला आणि एवढा दांडगा गडी जमिनीवर आडवा होऊन रडायला लागला. "पावलीस गे आई, पावलीस," एवढंच म्हणत राहिला. केशरनं सांगायला तोंड उघडलं होतं. पण तोवर त्यानं उठून फुलाला मासे आणायला धाडलंही होतं. संध्याकाळी तो जेवत होता, काटेसुद्धा चोखत होता, आणि मध्येच तिच्याकडं बघून हसत होता. उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. आपण सगळेच असं ठरवतो.

मग लॉकडाऊन आला, मडगावचं काम सुटलं, केशर वाडीतच राहिली. आणि काय सांगावं, तिचे दिवसच पालटले. देवीनं भरलेला गाल म्हणून बायका तान्ही पोरं आणून त्यांचे गाल तिच्या गालाला लावू लागल्या. हळदीचं पहिलं बोट तिच्या हातचं हवं, असं म्हणू लागल्या. केशर त्या सगळ्यातून स्वप्नात चालल्यासारखी चालायची. सकाळी विहिरीच्या पाण्यात वाकून बघायची, गाल आहे ना अजून? असायचा. मग दिवसभर तिला बरं वाटायचं.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात आजार पुन्हा उसळला. पलीकडच्या वाडीतली धडधाकट माणसं गेली. लस घेऊन सरकारी दवाखान्यातली नर्स पल्लवी आली, तर माणसं रानात पळाली. पल्लवी केशरला म्हणाली, "अक्का, तुझं सगळे ऐकतात. तू घे, मग घेतील." केशरनं घेतली. रात्री ताप आला. दुसरा दिवस ती ग्लानीत पडून होती. काळी नदीवरचं सुप्याचं धरण गालात भरत चाललंय, पाणी थंड आहे, तळाशी कुणाची तरी जुनी घरं दिसतायत, असं काहीबाही तिला दिसत राहिलं. जाग आली तेव्हा डावा गाल इडलीसारखा फुगला होता. लाल, गरम, डोळा अर्धा मिटलेला.

झालं! वाडीभर एकच बोलणं. देवीनं भरलेल्या गालाला सुई सोसली न्हाई. देवी कोपली. पल्लवीचं कुणी ऐकेना. आणि सगळ्यांत घट्ट अडून बसला तो झिलू. त्याला दमा. चार पावलं चढ चढला की छाती भात्यासारखी वाजायची. आजारानं गाठलं असतं तर तो काही वाचला नसता, हे पोरासोरांनाही कळत होतं.

"देवीनं तुज्या तोंडावरच लिवून दाखवलंय," तो केशरला म्हणाला. "म्या न्हाई घेणार."

केशर माळावर चढली. फोनला रेंज फक्त तिथंच. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "घाबरू नकोस. श्वासाला त्रास नाही ना? मग झालं. गालात असं औषध भरलेल्यांपैकी एखादीला लसीनंतर तिथं सूज येते. लसीनं अंग जागं होतं आणि गालातलं परकं औषध त्याच्या डोळ्यावर येतं, एवढंच. गोळ्या सांगते त्या पल्लवीला विचारून घे, उतरेल. तुझ्या भावाच्या गालात तर काहीच नाही. दम्याच्या माणसाला लस आधी द्या."

फोन ठेवून केशर तिथंच बसली. खाली रान दुपारच्या उन्हात पेंगत होतं. सांगितलं तर पोरं कुणी आणणार नाही, हळदीला कुणी बोलावणार नाही. ते जाऊ दे. पण झिलूचं काय? इतकी वर्षं त्यानं जीभ मारली, त्याचं फळ म्हणून तो या गालाकडं बघत होता. ते त्याच्या हातातून काढून कसं घ्यायचं? तिला भावाचा फार कळवळा आला आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला.

पंचांनी ठरवलं, देवीलाच विचारू. मंगळवारी कौल लावायचा. गणपती गुरवानं सातेरीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर लस घ्यायची, डावी पडली तर पल्लवीला वेशीवरूनच परत धाडायचं. कौल एकदा झाला की तो कुणी मोडत नाही, जीव गेला तरी. गणपतीनं हात जोडून सवाल घातला, "आई, तू भरलेला केशरचा गाल सुईनं सुजला. तर ही सुई..."

"थांब, गणपतीमामा," केशर म्हणाली. "सवालच चुकीचा हाय."

सगळे वळले. केशर पुढं झाली. "माजा गाल देवीनं न्हाई भरला. मडगावच्या डॉक्टरीणबाईनं औषध घालून भरला. त्या औषधापायी सूज आलीया. तुमच्या गालात औषध न्हाई, तुमचा न्हाई सुजणार. देवी कोपली न्हाई. म्याच दादाला रडताना बघून गप बसले."

गणपतीनं पाकळ्या बोटानं पुसून काढल्या. खोट्या सवालाला देवी कौल देत नाही, म्हणाला, आणि आत गेला. झिलू एकदाच केशरकडं बघून उठला आणि धापा टाकत चालू लागला. त्या संध्याकाळी फुलानं वाढलेलं माशाचं कालवण त्यानं तसंच ताटात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पल्लवी शाळेत येऊन बसली. तिच्याजवळ केशर एकटीच. गाल बराच उतरला होता. सकाळी केशर झिलूच्या घरी गेली होती, तर तो उजाडायच्या आधीच बाहेर पडलेला. कुठं, ते फुलालाही माहीत नव्हतं. दुपार झाली. पल्लवी लसीचा डबा बंद करायच्या बेतात होती.

तेवढ्यात माणसांचा आवाज आला. पुढं झिलू, छाती वाजतेय, सदरा घामानं भिजलेला. मागं गणपती, फुला आणि अर्धी वाडी. सकाळपासून तो एकेका घरी चढून, उतरून, दारात बसून माणसं उठवत होता.

झिलू खुर्चीत बसला. श्वास खाली बसेपर्यंत पल्लवी थांबली आणि मग रोजचा प्रश्न विचारला, "घरात कुणाला लसीचा त्रास झाला होता का?"

"व्हय, हिला," झिलू सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "माजी बहीण. गालात औषध भरलंय, म्हणून सुजला व्हता. माज्या गालात नुसती दाढी हाय. टोच."

आणि बाही वर करून, मोकळ्या हातानं त्यानं केशरला शेजारी बसायला खुणावलं.