रविवारची गोंडी

माझी लेक रविवारी सकाळी न उठवता उठायला लागली, तेव्हाच मला काहीतरी शिजतंय याचा वास आला होता. एरवी तिला मंडीदीपच्या कारखान्यात नोकरीला जायचं असतं तेव्हा हाका मारून माझा घसा बसतो. आणि रविवारी ही बाई न्हाऊन-माखून, केस विंचरून दाराशी उभी. विचारलं तर म्हणाली, "मम्मी, गोंडी सीखने जा रही हूँ." टेकडीवरच्या संग्रहालयात म्हणे वर्ग सुरू झालाय. चित्रंही शिकवतात, भाषाही शिकवतात. मंडल्याकडची एक गोंड बाई शिकवायला येते. मी बरं म्हटलं आणि कणकेवर राग काढला.

राग काऊन आला ते सांगते. माझी लेक माझ्याशी मराठीत बोलत नाही. कळतं तिला सगळं, अगदी माझे टोमणेसुद्धा. पण शाळेत जायला लागली तशी तिची मराठी हळूहळू आटली, आणि तेव्हापासून मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते. माझं माहेर नागपूरचं. सासरेही नागपूरहूनच, सरकारी दफ्तर इकडे हललं तेव्हा त्यासोबत या हिंदी मुलखात आलेले, पण त्यांनी घरात मराठी सोडली नाही. अवधपुरीच्या आमच्या कॉलनीत मराठी घरं बोटावर मोजण्याइतकी. सासू-सासरे गेले, आमचे हे मुळातच कमी बोलतात. उरली ती लेक. तिने माझ्याशी माझ्या भाषेत चार गोष्टी बोलाव्यात, एवढंच मला हवं होतं. लाडीगोडी करून झाली, रुसून झालं, गोष्टीची पुस्तकं आणून झाली. काही उपयोग नाही. आणि आता ही पोरगी आपल्या पायाने, उन्हातान्हात, दुसऱ्याच कोणाची भाषा शिकायला निघाली. मग जीव जळणार नाही तर काय होणार?

दुपारी ती परत यायची ती गोंडी बोलतच. पाण्याला 'एर', घराला 'रोन'. आरशासमोर उभी राहून घोकायची. फोनवर त्या बाईशी बोलताना आवाज असा काही मऊ करायची की मी स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच आपटायची. जेवताना सारखं आपलं मौसी असं म्हणाली, मौसी तसं म्हणाली. ती बाई तिची मौसी कधी झाली? माझ्या सख्ख्या बहिणीला हिने कधी आपणहून फोन केलेला मला आठवत नाही.

मीही गप्प बसणारी नाही. एका रविवारी सकाळी मी मुद्दाम भरड्याचे वडे करायला घेतले, तिच्या आवडीचे. वास शाहपुऱ्यापर्यंत गेला असेल. तिने घाईने दोन तोंडात टाकले आणि बाकीचे डब्यात भरले. कोणासाठी? मौसीसाठी. आमचे हे पेपरामागे हसत होते. मी म्हटलं, हसा, तुम्हाला काय, तुमच्याशी कोणी कुठल्याही भाषेत बोललं नाही तरी चालतं.

थंडी सरता सरता वर्ग संपायला आला. शेवटच्या रविवारी शिकणारे काय शिकले ते घरच्यांना दाखवायचं, असा कार्यक्रम ठेवला होता. लेकीने बोलावलं. ठेवणीतली साडी नेसून गेले, पण मन काही धड नव्हतं. अंगणात सतरंज्या घातल्या होत्या, भिंतीवर मुलांनी काढलेली झाडं आणि हरणं होती. लेकीची पाळी आली. ती उभी राहिली आणि एका पाखराची गोष्ट गोंडीत सांगायला लागली. न अडखळता. मधे एकदा विसरली, तर त्या बाईकडे पाहिलं आणि पुन्हा सुरू. माझ्याकडे नाही पाहिलं. आजूबाजूचे टाळ्या वाजवत होते, कोणीतरी मला म्हणालं, आपकी बेटी है? किती अभिमान वाटायला हवा होता मला. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं ते अभिमानाचं नव्हतं.

मी उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. मागून कोणीतरी चहा घेऊन आलं. तीच बाई. माझ्याच वयाची, हातांवर गोंदण, कपाळावर मोठी टिकली. मी आता हिंदीत काहीतरी कोरडं बोलून सुटका करून घेणार, तेवढ्यात ती म्हणाली, "उन्हाची आलीस, टेक जरा. पोटात काही गेलं का?"

हे माझं वाक्य. लेक दारातून आत पाऊल टाकते तेव्हा रोज मी हेच म्हणते, शब्दाला शब्द हेच. एका अनोळखी बाईने मला अगं-तुगं करावं याचाही राग आला नाही, कारण तिला हे वाक्य तसंच मिळालं होतं. फक्त 'का' तिने लांबवला होता, गाण्याची ओळ संपवावी तसा. मंडल्याकडचा हेल असणार.

तिने मग हिंदीत सांगितलं. तिच्या वर्गाचा नियम होता, शब्द असा नुसता न्यायचा नाही. तिच्याकडून एक घ्यायचा असेल तर आपल्या घरातला एक द्यायचा, आणि दोघींनी ते एकमेकींना म्हणून दाखवायचे. कोणी बुंदेली दिले, कोणी उर्दू. माझ्या लेकीने दर रविवारी मराठी दिली. वडे घेऊन गेली त्या दिवशी 'भरडा' दिला होता म्हणे.

तुम्हाला वाटेल, मी विरघळले. छे. मला तर आणखीच झोंबलं. इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते या बाईला दर रविवारी घरपोच मिळत होतं, आणि मी इकडे भांडी आपटत बसले होते. चहा मात्र प्यायले. चांगला झाला होता.

घरी आल्यावर लेक चपला काढत होती. मी पदर खोचला आणि सरळ सौदा केला. म्हटलं, मला एक गोंडी शब्द दे.

ती दचकलीच. मग म्हणाली, "एर." मी म्हटलं, एर. तिने मान हलवून पुन्हा म्हणायला लावलं, मी पुन्हा म्हटलं.

"आता माझी पाळी," मी म्हणाले. "कोणता देऊ?"

नवा शब्द तिने मागितलाच नाही. माझ्या हातातली पिशवी घेतली, मला खुर्चीकडे ढकललं आणि म्हणाली, "उन्हाची आलीस, टेक जरा. पोटात काही गेलं का?"

माझ्या लेकीची मराठी इतक्या वर्षांनी माझ्या घरात आली होती. आणि तिने 'का' लांबवला होता. गाण्याची ओळ संपवावी तसा, अगदी त्या बाईसारखा.

मी खुर्चीत टेकले. म्हटलं, नाही गं, सकाळपासून काहीच गेलं नाही.