बंद दिव्याखालचं स्वच्छ पाणी

इजिप्तमधल्या अल-महल्ला शहरात नाल्याचा रंग कापडगिरण्या ठरवतात. इब्तिहालचं बालपण त्या नाल्याकाठी नाक दाबून गेलं, म्हणून पीएचडीलाही तिने तोच विषय घेतला: टायटॅनियम डायऑक्साइडला कार्बनची जोड देऊन अशी बारीक भुकटी करायची, जी साध्या उजेडात पाण्यातला रंग तोडून टाकेल. भुकटी जमली, पण ती घातलेल्या निळ्या पाण्याच्या भांड्यावर दिवा काही सलग जळेना. प्रयोगशाळा झाडणारी उम्म हैसम येता-जाता बटण बंद करायची.

"खोलीत चिटपाखरू नाही आणि दिवा जाळतेस? अल्लाला काय तोंड दाखवशील?"

इब्तिहालने पाटी लावली, विनवण्या केल्या, भांडली. पालथ्या घड्यावर पाणी.

शुक्रवारची सुट्टी संपवून ती आली, तर दिवा थंडगार. सकाळी सकाळी डोकं फिरलं तिचं. तोंड उघडणार, तोच भांड्याकडे लक्ष गेलं. निळं पाणी स्वच्छ झालं होतं.

"झालं ना साफ? मग कशाला कटकट करतेस?" उम्म हैसम म्हणाली.

इब्तिहाल भांड्यावर वाकली. उजेडच नव्हता, तर रंग तोडला कुणी? खरं तर भांडं आधी अंधारात ठेवून कार्बन नुसताच किती रंग पितो ते बघायचं असतं, आणि मगच दिवा लावायचा. मार्गदर्शक डॉक्टर वगदींच्या घाईपायी तिने ती पायरीच गाळली होती. तिने भुकटी अल्कोहोलमध्ये धुतली. सगळा निळा रंग जसाच्या तसा बाहेर आला.

"परीक्षक काय अल्कोहोल घेऊन येणार आहेत?" वगदी वैतागले. "रविवारी तोंडी परीक्षेत साफ पाणी दाखव आणि मोकळी हो."

"साहेब, ही भुकटी रंग मारत नाही, नुसता पिते. उद्या तोच रंग परत नाल्यात जाईल."

"तुला पदवी नको का?"

हवी होती, जीव तोडून हवी होती. तरी रविवारी उभी राहणार नाही असं सांगून ती तणतणत घरी आली. आई पदवीच्या आनंदात वाटायला बसबूसा मिठाईचे किती ट्रे मागवायचे ते फोनवर ठरवत होती.

"नको मागवूस. रविवारचं रद्द झालं."

"इतकी वर्षं कोंडून घेतलंस, आणि केलंस काय गं?"

"बोळा. रंग टिपणारा बोळा."

आईने मिठाईवाल्याला नको म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. मग आजवर कधी न विचारलेलं तिने विचारलं, "उजेडाने रंग खरंच मरतो का, की तुलाच तसं वाटत होतं?"

हो म्हणायला इब्तिहालने तोंड उघडलं. पण उजेड किती तोडतो आणि कार्बन किती पितो, हे तिने कधी वेगळं मोजलंच नव्हतं.

"माहीत नाही," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.