सुधाकाकूचा रेशमी तंबू

फाल्गुनातल्या त्या सकाळी मी बँकेत निघायच्या गडबडीत होते आणि गंगेपलीकडच्या वाळूवरून आमच्या नेहमीच्या नाववाल्याचा फोन आला. "दीदी, चाची उठ नहीं रही हैं. चाय लाया था... ठंडी हो गई." आम्ही नावेनं पोचलो तेव्हा सुधाकाकू तिच्या इवल्याशा तंबूत कुशीवर निजलेली होती. तंबूचं दार तिनं नेहमीसारखं नदीकडे ठेवलं होतं. समोर सगळे घाट उन्हात न्हाऊन निघाले होते. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. महिना उलटून गेला, पण अजूनही गल्लीत माणसं मला अडवतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "पलीकडे गेली म्हणे?" हो, पलीकडे गेली! हळू कशाला बोलता? उलट एकदा सगळ्यांना ऐकू जावं म्हणूनच मी हे लिहायला बसले आहे.

बाहेरच्यांना यातली गोम कळायची नाही. काशीत देह ठेवला की मोक्ष, आणि नदीपल्याड, रामनगरच्या बाजूला ठेवला की पुढचा जन्म गाढवाचा, असं आमच्या दुर्गाघाटावर पोरंसुद्धा सांगतात. माझे काका पाठशाळेत शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे मरेपर्यंत काशीची वेस ओलांडायची नाही. संकल्प सोडताना बायकोनं नवऱ्याच्या हाताला हात लावायचा असतो. काकूनं तो लावला नाही. सगळ्या नातेवाइकांसमोर हात पदरात घेऊन ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही जरूर सोडा पाणी. माझं अजून काहीच बघून झालेलं नाही." जन्मभर ती स्टेशनवर रिझर्वेशनच्या खिडकीत बसली होती. काठगोदाम, पठाणकोट, हरिद्वार... लोकांची तिकिटं काढता काढता केस पांढरे झाले, पण स्वतः प्रयागपुढे गेली नव्हती. काका चिडून म्हणाले, "पलीकडे मेलीस तर गाढव होशील!" त्यावर काकू म्हणाली, "बरंच होईल की. सामानाला कुली लागणार नाही." मात्र काका अंथरुणाला खिळल्यावर हीच बाई त्यांच्या उशाशी बसून राहिली. ते गेले, वर्षश्राद्ध झालं, आणि मग तिनं तंबूचा विषय काढला.

बनारसमध्ये तंबू म्हणजे लग्नाचा मांडव. रामनगरच्या दुकानात ती गेली तर मालकानं विचारलं, "कितने मेहमान हैं, माताजी?" ही म्हणाली, "एक. मैं." शेवटी पुतणी या नात्यानं मोबाइलवर शोधायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या मानेवर तिचा चष्मा टेकायचा आणि प्रश्नांवर प्रश्न. वजन किती? एकेरी कापड की दुहेरी? एकेरी हलकं असतं, पण आपल्याच श्वासाचं पाणी होऊन आत ठिबकतं, हे तिनं कुठून तरी वाचलं होतं. वजनावर तिचा भारी कटाक्ष. भाजीवाल्याकडे बटाटे तोलून घ्यायची, पिशवी खांद्याला लावून ब्रह्माघाटाच्या पायऱ्या चढून बघायची आणि म्हणायची, "एवढं जमतंय, एवढं नाही." पहिला तंबू आपल्याच काड्यांवर उभा राहणारा घेतला, कारण आमची गच्ची दगडी, तिच्यात खुंटी ठोकणार कुठे? तो जरा जड होता. माकडांनी पहिल्याच दिवशी त्याची एक दोरी पळवली. पण काकू तो घेऊन कुमाऊँत जाऊन आली. साठी उलटलेली बाई, एकटी!

आणि इथे माझी आई आली. आई म्हणजे काकूची थोरली जाऊ, सोवळ्याच्या बाबतीत अजूनही कडक. कुठल्या कुठल्या मुलखात, कुणाकुणाच्या शेतात पसरलेला तंबू तसाच घरात कसा घ्यायचा? काकू झोपली असताना आईनं तो सोड्याच्या गरम पाण्यात बुडवला आणि घाटावर नेऊन लुगडं आपटावं तसा दगडावर आपटून काढला. कापडावरचा पाणी अडवणारा थर गेला गंगेत. पुढच्या खेपेला पहिल्याच सरीला तंबू गळला आणि काकू भिजून परत आली. आरडाओरडा नाही, काही नाही. फक्त म्हणाली, "वहिनी, तंबू अगदी शुद्ध झाला हो. आता पाणी आरपार जातं." आई हिरमुसली, पण नियम नियमच. "बाहेरून आला की धुणार," म्हणून बसली.

मग दुसरा तंबू आला. आधीच्यापेक्षा निम्म्या वजनाचा, नायलॉनचा, इतका तलम की मुठीतून सुळकन निसटावा. त्याला स्वतःच्या काड्याच नव्हत्या. चालायच्या दोन काठ्यांवर तो उभा राहायचा आणि चारी बाजूंनी दोऱ्या ताणाव्या लागायच्या. काकूनं तो आईच्या हातात दिला. "बघा वहिनी, रेशीम आहे. तुमचा सोवळ्याचा मुकटा तरी तुम्ही रोज कुठे पिळता? रेशमाला विटाळ नाही." आईनं कापड बोटांत चुरलं, उजेडात धरलं, काकूच्या तोंडाकडे बघितलं... आणि म्हणाली, "मग ठीक आहे." मी हसू दाबत आत पळाले. त्यानंतर तंबू कधी धुतला गेला नाही.

पण हा तंबू काही गच्चीवर उभा राहीना. दोऱ्यांना माती हवी. म्हणून प्रत्येक प्रवासाआधी काकू पलीकडच्या वाळूवर त्याची परीक्षा घ्यायची. वाळूत खुंटी टिकत नाही, तर मुंजीत वाटलेल्या, बटूचं नाव छापलेल्या कापडी पिशव्या जमवून त्यांत वाळू भरायची, दोरी बांधायची आणि पिशव्या पुरायची. "अख्ख्या गल्लीतल्या मुंजींनी तोललाय माझा तंबू," म्हणायची. यंदा चैत्रात तिला हिमालयात मुन्स्यारीकडे जायचं होतं. त्यासाठीच ती त्या शेवटच्या संध्याकाळी नावेत बसली होती.

तेराव्याला आमचे एक दूरचे काका आले. ते भिक्षुकी करतात. पानं उठली तसे म्हणाले, "देह अवेळी, अक्षेत्री पडला. प्रायश्चित्त करायला हवं. आणि तो तंबू घरात नको. प्रेताला लागलेला आहे, गंगेत सोडा." माझं डोकं फिरलं. म्हटलं, तिनं स्वतःच्या पायांनी निवडलेली जागा होती ती, प्रायश्चित्त कशाचं? तुमच्या मोक्षाला एक नदी ओलांडता येत नसेल तर ठेवा तो तुमच्याकडेच! काका लाल झाले. सगळे आईकडे बघू लागले. या घरात विटाळाचा शेवटचा शब्द तिचा, आणि तिनं "हो" म्हटलं असतं तर तंबू त्याच दुपारी नदीत गेला असता.

आई उठली. कोपऱ्यातली तंबूची घडी तिनं स्वतःच्या हातानं उचलली. आमच्या माजघरात उंचावर सोवळ्याची वळणी आहे. तिच्यावर आईचा मुकटा, माझ्या गेलेल्या काकांचा रेशमी कद... दुसऱ्या कुणी बोट लावायचं नाही. आईनं काठीनं तंबू वर चढवला आणि मुकट्याच्या शेजारी नीट पसरला.

"वहिनी!" भिक्षुक काका ओरडले.

"रेशीम आहे ते," आई म्हणाली. "त्याला विटाळ नाही."

सगळे गेल्यावर मला राहवेना. म्हटलं, "आई, नायलॉन आहे गं ते."

"पहिल्या दिवसापासून माहीत आहे मला," आई म्हणाली. "तिला जायचं होतं ना?"

तंबू अजून तिथेच आहे. कालच आईनं विचारलं, त्यात दोघी मावतात का.