बॅटची काटकी आणि मॉसीच्या गाई

मॉसी टूमीने बासष्ट वर्षांत दोनच माणसांचं ऐकलं. एक आई, दुसरा बॅट हर्ली पाणाड्या. आईचंही लग्नाचं तेवढं ऐकलं नाही, आणि त्याबद्दल आमच्या कॉर्क परगण्यात दोन-तीन बायका अजून देवाचे आभार मानतात.

त्या उन्हाळ्यात पाच आठवडे पाऊस नव्हता. झरा आटत आला. चाळीस गाई कुरणात, आणि डोणीत करंगळीएवढी धार. दुभती गाय दिवसाला शंभर लिटर पिते. दांडग्या गाई डोणीत तोंड घालून बसायच्या, गरीब बिचाऱ्या मागे उभ्या राहून हंबरायच्या. दूध निम्म्यावर आलं.

शेजारीण हॅना फाटकावर कोपरं टेकून म्हणाली, "गावाने नळ घेतला तेव्हा नाक वर करून बसलास ना? म्हणे नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो."

"आता घेतो की."

"आता कुठला घेतोस? पाऊस पडेपर्यंत नवी जोडणी बंद. आणि आम्हालाच बादलीचं माप लावलंय."

मग बॅट आला. हेझलच्या झाडाची बेचकी दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून कुरणभर फिरला. खालच्या कोपऱ्यात काटकी खाली वाकली.

"दीडशे फूट," बॅट म्हणाला. "समुद्र आहे, समुद्र!"

पाणाड्याला पैसे द्यायचे नसतात; घेतले तर त्याच्या हातचा गुण जातो. बॅटने चहा घेतला आणि टार्टचे तीन तुकडे संपवले.

मॉसीने बोअर मारणारं यंत्र बोलावलं. दीडशे फुटांवर धूळ निघाली. तीनशेवरही धूळच. चारशेवर यंत्रवाल्याने यंत्र बंद केलं. आवाज ऐकून गाई कुंपणापाशी गोळा झाल्या होत्या.

मॉसीला ओरडायचं होतं. पण ज्याने एक पेनीही घेतली नाही, त्याला कुठल्या तोंडाने बोलायचं?

"काटकी वाकली होती रे," बॅट बुटांकडे बघत म्हणाला.

"वाकली होती. मी पाहिली."

बॅट जाईना. त्याला चहा विचारायचंही मॉसीला सुचेना.

शुक्रवारी बाजाराची गाडी आली. पंधरा गाई तरी कमी करायला हव्या होत्या.

"कुठल्या देतोस?" हॅनाने विचारलं. तिलाही त्या दिवशी थट्टा सुचली नाही.

"मागे उभ्या राहतात त्या," मॉसी म्हणाला. "त्यांच्यात आता दूधच उरलं नाही."

त्या पंधराही गाई मुकाट्याने, रांगेने, एकमेकींना न ढकलता गाडीत चढल्या.