सुट्टी मागितली, कारण सांगायचं राहिलं

गंगाखेडच्या स्टँडवर पुण्याची बस लागली, तेव्हा दिवेलागण झाली होती. नोकरी लागल्याच्या मस्तीत मी म्हणालो, "आता लग्न नाहीतर मयत असल्याबिगर मी येत न्हाई."

मायनं माझ्या दंडाला चिमटा काढला. "तिन्हीसांजेला वंगाळ बोलू नको. वास्तू तथास्तु म्हणत असते."

"माय, हा एसटी स्टँड हाय. इथली वास्तू नुसतं 'गाडी लेट हाय' म्हणते."

अण्णा, म्हणजे माझे वडील, निवृत्त मास्तर, तोंड फिरवून हसले. माय हसली नाही.

पुण्यात मी भाड्याच्या फ्लॅटमध्ये रोज सकाळी वीस मिनिटं ध्यानाला बसू लागलो. शिबिरातल्या गुरुजींनी बजावलं होतं, नुसता श्वास बघायचा, काही मागायचं नाही. दोन वर्षं मन शांत राहिलं. मग मला वाटलं, वर लाइन लागलेलीच आहे तर ऑर्डर देऊन टाकावी. मोबाइलवरचे एक सर सांगत, हवं ते झालंच आहे असं एकवीस वेळा लिहा. दुसऱ्या मॅडम म्हणत, त्यात भावना ओता. मी तिन्हींची मिसळ केली. साहेब दिवाळीपासून सुट्टी देत नव्हते, म्हणून ध्यान संपलं की वहीत लिहायचो, 'मला आठ दिवसांची सुट्टी मंजूर झाली आहे. मी घरच्यांजवळ पोचलो आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आहे.'

पाणी आनंदाचं, हे लिहायचं राहिलं.

नवव्या सकाळी, मी श्वास बघत असतानाच फोन वाजला. माय होती. "अण्णाच्या छातीत कळ आली. परभणीला आणलंय. ये तू."

साहेबांना कळवलं. ते लगेच म्हणाले, "आठ दिवस घे, जा."

आठ! मी आकडा सांगितलाच नव्हता. मी वही बॅगेत कोंबली आणि स्टँड गाठला.

बसमध्ये मी मागणी रद्द करायला बसलो, तर सरांचं वाक्य आठवलं, ब्रह्मांडाला 'नाही' हा शब्द कळत नाही. म्हणजे 'अण्णांना काही होणार नाही' म्हणायचीही चोरी! मग 'अण्णा चहा पितायत, अण्णा चहा पितायत' असं घोकत जालना मागं टाकलं. शेजारच्या काकांनी हळूच जागा बदलली. देवगाव फाट्यावर गाडी खरोखरच चहाला थांबली. मी कप नुसता धरून बसलो. प्यायलो तर अण्णांचा संपेल, असं वाटत होतं.

दवाखान्याच्या जिन्यातच माय भेटली. "माझ्यामुळं झालं रे. 'काही झाल्याबिगर पोरगं येत न्हाई,' असं मीच म्हणले, ऐन तिन्हीसांजेला."

माझी वही पाठीवरच्या बॅगेत होती. मी बॅगेची चेन नीट लागलीय का ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या तोंडावरचा मास्क निघाला. मायचं रडगाणं ऐकून ते पुटपुटले, "तू गप बस. मीच म्हणलो होतो, दोन रोज दवाखान्यात पडावं, पोराचं तोंड तरी दिसल."

तेव्हा मी वही काढली. अण्णांनी चष्मा मागितला, पान वाचलं आणि मास्तरकीच्या सवयीनं म्हणाले, "शुद्धलेखन बरं हाय." मग वही छातीवर तशीच ठेवून बराच वेळ छताकडं बघत राहिले. आम्हा तिघांपैकी तथास्तु कुणाला मिळालं, ते कुणीच विचारलं नाही.

अण्णा आता सकाळी फिरायला जातात. मी पुन्हा नुसता श्वास बघतो, पण एक डोळा फोनवर. माझ्यासारखे बाहेर पडलेले असाल, तर अवेळी रिंग वाजली की पहिलं मनात काय येतं ते तुम्हाला ठाऊक आहे. गावाकडं असाल, तर हात जोडतो, फोन केल्यावर आधी 'सगळं ठीक हाय' म्हणा, मग शेजाऱ्याच्या म्हशीपासून सुरू करा.

गेल्या महिन्यात सुट्टीच्या अर्जात कारण लिहिलं, 'सहज'. साहेबांनी दोनदा वाचलं, पण दिली.

गंगाखेडला घरी पोचलो तर ऐन दिवेलागणीची वेळ. मला दारात बघून मायच्या हातातली काडेपेटी पडली. "काय झालं रे?"

"काही न्हाई. सहज आलो."

तिनं कपाळाला हात लावून ताप बघितला. अण्णा पेपर खाली ठेवून म्हणाले, "नोकरी गेली का? खरं सांग."

दोघंही घाबरलेले. ही सवय त्यांना मीच लावली होती. बॅग न उतरवता मी छताकडं तोंड करून, शेजारी ऐकतील इतक्या मोठ्यानं म्हणालो, "मी सहज आलोय."

मग आम्ही तिघंही गप्प उभे राहिलो, वास्तूला बोलायला सवड देऊन.