सगळ्यांचो डावो फुसको!

माझ्या काउंटरच्या खालच्या ड्रॉवरमध्ये कानात घालायच्या बड्सची सुटी रबरं साठलीत. लहान, मोठी, मधली. कोणाची, कुठल्या डबीतली, देव जाणे! टाकवत नाहीत आणि जोडी काही जुळत नाही. दुकानातल्या किश्श्यांचंही तसंच झालंय. कसालच्या बाजारात मोबाइलचं दुकान चालवायचं म्हणजे रोज एक नवीन नग! एक किस्सा काढायला हात घातला की चार चिकटून वर येतात. तर आज फक्त बड्सचे सांगते. चहा मागवलाय, बसा.

*

सुरुवात एका प्रश्नाने झाली. गिऱ्हाईक येतं, सात डब्या उघडून बघतं आणि विचारतं, "वयनी, ह्यातली बरी खयची?"

आता मी काय सांगणार? सातही खोक्यांवर लिहिलेलं, आपणच जगात भारी! एकदा मी ठसक्यात म्हटलं, "ही घे, एकदम मस्त." आठ दिवसांनी तो बाप्या भर बाजारात ओरडला, "वयनी, तुमचा मस्त एका कानात रवता, दुसऱ्यातसून पळान जाता!"

सगळा बाजार हसला. मला असा राग आला म्हणता! त्याच दिवशी ठरवलं, यापुढे तपासल्याशिवाय एकही डबी विकायची नाही. सात कंपन्यांची एकेक डबी फोडली. भिंतीवर पुठ्ठा लावला, त्यावर तीन रकाने आखले: आवाज, कानात बसणं, टिकणं. आणि तीन परीक्षक नेमले.

कानात बसण्याला गुंडू. हा सकाळी नारळ पाडतो आणि संध्याकाळी भजनात पखवाज वाजवतो. टिकण्याला युसुफभाई. मालवणच्या बंदरावरून मासे आणून ते आमच्या बाजारात विकतात. दर सहा महिन्यांनी त्यांचा एक मोबाइल बर्फात तरी मरतो, नाहीतर खाऱ्या पाण्यात. त्यांच्याकडे जे टिकलं ते कुठेही टिकणार!

आणि आवाजाला आमचे दाजीबुवा!

*

दाजीबुवा म्हणजे डबलबारीचे बुवा. दोन भजनी बुवा समोरासमोर बसतात, गाण्यातून एकमेकांना प्रश्न टाकतात, कोपरखळ्या मारतात, आणि अख्खा गाव मांडी घालून ऐकतो. बुवांचा कान असा की दारात बकरी ओरडली तर सांगतील, "काळी चारात वराडली, पण जरा उतारली."

माघी गणपतीला बुवांची वैभववाडीच्या एका तरण्या बुवाबरोबर बारी ठरली होती. मागच्या वर्षी बुवांची लय दोनदा घसरली होती, लोक कुजबुजले होते, बुवा आता थकले. बुवा भडकले. "माझी लय नाय घसारली, गुंडूचो हात उतारलो!" आणि याही वर्षी तसं झालं तर पखवाजाला दुसरा माणूस आणणार, असं चारचौघांत जाहीर करून मोकळे!

गुंडू वीस वर्षं बुवांच्या डाव्या हाताला बसून पखवाज वाजवतोय. बुवांना तो उलटून एक शब्द बोलला नाही. मला मात्र म्हणाला, "वयनी, माझ्या जाग्यार दुसरो कोण बसलो, तर मी आयकाक पण येवचंय नाय."

बारीच्या तयारीसाठी बुवांना समोरच्या बुवाची रेकॉर्डिंगं बारकाईने ऐकायची होती. म्हणून त्यांनाही बड्स हवेच होते. म्हटलं, एका दगडात दोन पक्षी!

*

पहिला नंबर गुंडूचा. त्याची पद्धत सोपी. बड्स कानात घालून माडावर चढायचं. वर वाकायचं, मान वळवायची, कोयता चालवायचा. खाली उतरेपर्यंत दोन्ही कानांत असले तर पास!

पहिल्या तीन जोड्या वरून माझ्या पदरात पडल्या. चौथी, निळी डबी, घट्ट बसली. गुंडू शेंड्यावर पोचला आणि नेमका त्याच्या बायकोचा, सुमतीचा, फोन आला. पुढचं सगळं मी खाली उभी राहून ऐकलं. सुमतीचं बोलणं तिनेच नंतर मला सांगितलं, अगदी तावातावाने.

"खंय आसस?"

"माडार आसंय!"

"माडार? मगे वारो खंय गेलो? तू तर घरात बसान बोलल्यासारखो बोलतंस!"

"अगो, ही नवीन डबी वाऱ्याचो आवाज कापता!"

"वाऱ्याचो आवाज कापता? माका येडी समाजतंस?"

गुंडू पेटला. "थांब, नारळ पाडतंय, आयक आता!" म्हणत त्याने अख्खा घड खाली सोडला. धडाधड! मी चार पावलं मागे उडाले, बाजूची कोंबडी ओरडत पळाली. तिकडे सुमतीला टिचभर आवाज गेला नाही. मशीन इतकं चांगलं, की त्याने नारळही कापले!

"कायएक आयकाक येणा नाय," सुमती म्हणाली. "पत्ते कुटीत बसलंस आणि वर माका माड दाखयतंस!"

त्या दिवशी गुंडूला घरी पेजसुद्धा मिळाली नाही. मी पुठ्ठ्यावर लिहिलं: "निळी डबी. कानात बसते. कॉलला उत्तम. संसाराला घातक."

*

युसुफभाईंनी पांढरी डबी घेतली. एका हातात तराजू, एका हातात सुरी, आणि कानात बड्स घालून बहिणीशी गप्पा. चौथ्या दिवशी धापा टाकत दुकानात आले. "वयनी, उजवो खंय तरी पडलो!"

"शोधा मग! फोनवर बटण आहे, दाबलं की बड शिटी मारतो."

माशांची टोपली शोधली, बर्फ उपसला, मोटरसायकलची डिकी उलटी केली. शिटी नाही. मग लक्षात आलं, बड गिऱ्हाइकाच्या पिशवीतून गेला! सकाळपासून कोणाकोणाला मासे दिले ते आठवत भाई निघाले, आणि मी दुकानाला कुलूप लावून मागे. असला तमाशा कोण चुकवतं? प्रत्येक दारात भाई बटण दाबायचे आणि विचारायचे, "बाये, तुझो मासो वाजता काय?"

पाच घरांनी दार लावून घेतलं. सहाव्या घरी शाळेतल्या बाई राहतात. त्या स्वतःच बाहेर आल्या, तोंड पांढरं पडलेलं. "युसुफभाई, मी बांगड्यांना मीठ, हळद आणि कोकमाचं आगळ लावून झाकून ठेवलेत. आतून कोणीतरी शिट्या मारतंय!"

ताट उघडलं. मधल्या बांगड्याच्या पोटात आमचा बड, पिवळाधमक, आणि वाजतोय खणखणीत! भाईंनी तो लुंगीला पुसला, कानात घातला आणि दोन्ही हात वर केले. "चलता! आगळात भिजान चलता! ह्येका म्हणतत माल!"

टिकण्यात दहापैकी दहा. फक्त त्या जोडीची रबरं बदलल्याशिवाय पुढे ती दुसऱ्या कोणी कानात घातली नाही. मांजर मात्र भाईंच्या मागे मागे फिरायचं.

*

आता बुवा. त्यांची परीक्षा म्हणजे सोहळाच! खुर्ची पुसायची, बाहेरच्या रिक्षावाल्याला इंजिन बंद करायला सांगायचं, मग बुवा डोळे मिटून एकच भजन ऐकणार. पेटी, झांज, पखवाज. आम्ही तिघं श्वास रोखून उभे.

काळी डबी. बुवांनी डोळे उघडले. "उजवो बरो. डावो फुसको."

निळी डबी. "डावो फुसको."

तिसरी, चौथी, पाचवी... सातव्या डबीला आम्हीच कोरसमध्ये म्हणालो, "डावो फुसको!"

सातही कंपन्यांचा डावा बाद! मी पुठ्ठ्यावर सात वेळा लिहिलं. कोणी स्वतःच्या कानात घालून बघितलं का? अहो, बुवांनी सांगितल्यावर आम्ही कोण? बाजारभर झालं, कसालला येणारा माल दोन नंबरचा! गिऱ्हाइकंसुद्धा डावा कान दाबून म्हणायला लागली, "होय गे वयनी, माका पण जरा फुसकोच वाटता!"

मग कारण शोधणं आलं. युसुफभाई म्हणाले, "जग उजव्या हाताचा. कंपनी डाव्यात काटकसर करता."

गुंडूने मान हलवली. तो खुर्चीकडे बघत होता. "वयनी, बुवा बसतत उत्तरेक तोंड करून. डावो कान खंय इलो? पश्चिमेक. थंय दर्या! खारो वारो लागता डाव्या बड्साक!"

काय डोकं! आम्ही लगेच खुर्ची फिरवली. बुवांचं तोंड दक्षिणेला, डावा कान घाटाकडे, दर्याचा संबंधच नाही. परत सातही डब्या, परत तेच भजन.

"डावो फुसको," बुवा म्हणाले.

*

मी कुडाळच्या डिस्ट्रिब्युटरला फोनवर असा झाडला की बाजूचा न्हावी हातातला वस्तरा थांबवून ऐकत राहिला! दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा माणूस हजर, आणि बुवांसकट आमचे तिन्ही परीक्षकही. बिचारा गरीब, गळ्यात ओळखपत्र. त्याने एकेक डबी कानात घालून बघितली आणि म्हणाला, "मॅडम, दोन्ही बाजू सेम आहेत."

"सेम? आमचे बुवा खोटं बोलतात?" मी कमरेला पदर खोचला. "गुंडू, घाल रे कानात, सांग ह्यांना!"

गुंडूने बड्स घातले. मी त्याच्याकडे बघत होते. त्याची दोन्ही हातांची बोटं काउंटरवर चालायला लागली, एकदम बरोबर. मग ती थांबली. त्याने बुवांकडे बघितलं. बुवा खुर्चीत ताठ बसले होते.

"फुसको आसा," गुंडू म्हणाला. "डावो फुसकोच आसा."

युसुफभाईंनी बड्स घेतले, ऐकले, दाढी खाजवली. "होय. फुसको."

मी घातले. दोन्ही कानांत सारखंच खणखणीत भजन! सगळं एकदम ध्यानात आलं. खुर्ची फिरवली तेव्हाच यायला हवं होतं. मागच्या वर्षीची बारी आठवली. डाव्या बाजूला पखवाज, आणि घसरलेली लय. मी पण म्हणाले, "फुसका आहे."

पण बुवा बुवाच! त्यांनी हात पुढे केला, डावा बड घेतला आणि उलटा धरून उजव्या कानात दाबला. डोळे मिटले. पूर्ण भजन ऐकलं.

मग त्यांनी बड काढला, डबीत नीट ठेवला आणि डबी बंद केली.

"गुंडू," ते म्हणाले, "तुझो हात उतारूक नाय रे. माझो कान उतारलो."

गुंडू म्हणाला, "बुवा, बारी मंगळवारी आसा. तीन वाजता."

मी म्हटलं, "बुवा, आधी कानाच्या डॉक्टरकडे जाऊया." बुवा चपला घालत म्हणाले, "बारी होवंदे, मगे तू म्हणशीत थंय येतंय. पण भायर बोला नको." आणि गेले.

तो कुडाळचा माणूस रिटर्नचा फॉर्म घेऊन उभाच. "मॅडम, दोष काय लिहू?"

"दुकानदारीणबाईंचा," मी म्हटलं आणि पुठ्ठा भिंतीवरून उतरवला.

*

मंगळवारची बारी कोण जिंकलं ते विचारू नका. डबलबारीत दोन्ही गाव आपणच जिंकलो म्हणतात. पण लय एकदाही घसरली नाही, हे मी पहिल्या रांगेत बसून सांगते! आणि सुरुवातीला काय झालं, तेही ऐका.

मंडप खच्चून भरलेला. बुवा पेटीपुढे बसले होते, तोंड उतरलेलं. डाव्या हाताची जागा मोकळी होती. गुंडू पखवाज घेऊन आला आणि त्या जागेवरून सरळ पुढे गेला. बुवांच्या मागून वळसा घालून उजव्या बाजूला झांजवाल्यापाशी पोचला. "सरक रे, थंय जा," म्हणाला आणि पखवाज मांडीवर घेऊन बुवांच्या उजव्या कानाशी बसला.

समोरचा वैभववाडीचा बुवा तरणा, पण डोळे घारीचे! त्याने माइक ओढला. "काय ओ दाजीबुवा! वीस वर्सां डाव्याक बसणारो गडी आज उजव्याक? कायतरी भानगड आसा! आमचो पयलो प्रश्न ह्योच. उत्तर देवा!"

डबलबारीत प्रश्न टाकला की उत्तर द्यावंच लागतं, सुटका नाही. बुवांचा हात पेटीवर तसाच राहिला. माझ्या बाजूला युसुफभाई दाढी मुठीत धरून बसलेले.

गुंडूने हात लांब करून बुवांच्या पुढचा माइक आपल्याकडे ओढला.

"बुवा, दर्या त्या अंगाक आसा," तो म्हणाला. "डाव्या बाजूक खारो वारो लागता!"

मंडप खो खो हसला. वैभववाडीचा बुवाही हसला. दाजीबुवांनी मान उजवीकडे वळवून गुंडूकडे बघितलं, पेटीचा भाता ओढला आणि सूर धरला.