आमच्याच स्प्रिंगेचा नमुना

वर्कशॉप चालवणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. मशीनखालच्या चुऱ्यासारखे ते आपोआप साठतात. संध्याकाळी झाडून काढा, सकाळी पुन्हा ढीग!

नव्वदच्या आसपास अंबरनाथ पूर्वेला एका गाळ्यात मी आणि सावंतदादा स्प्रिंगा बनवायचो. दादा सरकारी फॅक्टरीतली पक्की नोकरी सोडून माझे पार्टनर झाले होते. एका मोठ्या कंपनीनं आमचा माल पास केला तर गाळा टिकणार होता. नाहीतर दिवाळीनंतर कुलूप.

*

आमच्या इंडस्ट्रियल एस्टेटच्या मैदानात एका पुढाऱ्याचं भाषण होतं. विषय काय, तर 'लघुउद्योग : देशाचा कणा'! मांडवाला वीज कमी पडू नये म्हणून आमच्या सगळ्या गाळ्यांची लाइट बंद ठेवली. भाषणाच्या भरात साहेब माईकवरूनच दादांना विचारतात, "उत्पादन का वाढत नाही?"

दादा म्हणाले, "साहेब, तुमचा माईक बंद झाला की वाढेल!"

*

फॅक्टरी इन्स्पेक्टरला प्रत्येक गाळ्यात आग विझवायच्या वाळूच्या लाल बादल्या दिसायला हव्या असायच्या. नळाला पाणी का नाही, हे मात्र त्यानं कधी विचारलं नाही. आमच्या अख्ख्या लाइनीत मिळून बादल्यांची एकच जोडी होती. तो पुढच्या दारानं बाहेर पडला की बादल्या मागच्या खिडकीतून शेजारी!

एकदा शेवटच्या गाळ्यात तो वैतागून म्हणाला, "या बादल्या माझ्याआधी पोचतात. यांनाच इन्स्पेक्टर करा!"

आमची काहीच हरकत नव्हती.

*

बदलापूरला मुलगी बघायला गेलो. तिच्या वडिलांनी विचारलं, "काय करता?"

"स्वतःचं वर्कशॉप आहे. चार माणसं कामाला आहेत."

"म्हणजे परमनंट नाही!"

चार घरांची चूल पेटवणारा मी टेम्पररी! ते पोहे मला अजून पचलेले नाहीत.

*

त्या मोठ्या कंपनीच्या परचेस ऑफिसरनं आमची स्प्रिंगांची पिशवी न उघडताच परत केली. "गाळ्यातला माल आम्ही घेत नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उल्हासनगरचे व्यापारी लछूशेठ मात्र हे ऐकून हसले. "अरे साईं, माल तो एक नंबर है, तेरा थैला गरीब है!" त्यांनी आमच्या स्प्रिंगा थर्माकोलच्या पांढऱ्या खोक्यांत भरल्या. कोणाला विकल्या, ते काही सांगितलं नाही.

*

काही महिन्यांनी त्याच ऑफिसरनं आम्हाला बोलावलं. टेबलावर पांढरं खोकं! त्यातली एक स्प्रिंग दोन बोटांत धरून तो म्हणाला, "ही बघा, इम्पोर्टेड. अशी बनवून आणा, लगेच पास करतो."

दादांनी ती हातात घेतली. शेवटच्या वेढ्यावर दादांच्याच कानशीचा तिरका घाव होता. माझ्या तोंडात शिवी आली, तोच दादांनी टेबलाखाली माझा पाय दाबला.

"नमुना न्यायला मिळेल का, साहेब?"

ती स्प्रिंग आठवडाभर आमच्या कपाटात पडून होती. मग दादांनी तीच कागदात गुंडाळली आणि नेऊन साहेबांपुढे ठेवली.

साहेबांनी चष्मा लावला. उलटीसुलटी केली, दाबून पाहिली, उजेडात धरली.

"प्रयत्न बरा आहे, सावंत," ते म्हणाले, "पण इम्पोर्टेडची सर नाही!"